इंजिन खाली आहे तोवर

जालन्यात लोखंडाविषयी अडाणी माणूस सापडणं अवघड. सळईचा आजचा भाव, भंगार टनामागं किती चढलं, कुणाची भट्टी बंद आहे, हे सगळं इथं चहाच्या टपरीवर कळतं. आमच्या एमआयडीसीत कुठून कुठून भंगार येऊन पडतं. मोडके पलंग, सायकली, शटरं, पत्र्याच्या टाक्या, मोटारींचे सांगाडे एका फाटकातून आत जातात आणि दुसऱ्या फाटकातून सळई होऊन ट्रेलरवर बाहेर येतात. वर्षानुवर्षं हे बघून इथल्या माणसाला एक नजर आलेली आहे. तुम्ही गाडी दाखवायला नेली, तर पुण्याचा माणूस ॲव्हरेज विचारतो, मुंबईचा माणूस लावता कुठं असं विचारतो. जालन्याचा माणूस गाडीभोवती एक फेरी मारतो आणि मनातल्या मनात वजन करतो.

माझी गाडी जुनी असल्यामुळं माझ्या बाबतीत तेवढाही आडपडदा ठेवत नाहीत. "हजार-अकराशे किलो भरंल," असं तोंडावर सांगतात. एमएच २१ची पाटी, डिझेल इंजिन आणि नवी असताना राखाडी म्हणून घेतलेला, आता कोणत्याही नावानं हाक मारता येईल असा रंग.

मी एका रोलिंग मिलच्या हिशेब खात्यात आहे. म्हणजे माझा लोखंडाशी संबंध बिलापुरता. सळई मी एचएसएन कोडवरून ओळखतो. पण सासरकडे "जावईबापू लोखंडातले" अशी ख्याती आहे. त्यामुळं लग्नाकार्यात कुणाची गाडी बंद पडली की मला बोलावून आणतात, बॉनेट उघडतात आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. अशा वेळी मी दोन्ही हात कमरेवर ठेवून थोडा वाकतो, एका पाईपला बोट लावतो आणि "हं" म्हणतो. आजवर ह्या "हं"वर बरंच निभावलं होतं.

मग मे महिना आला. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन, संभाजीनगर रोड, पुढं सळईनं भरलेला ट्रेलर, मागं दुसरा ट्रेलर, आणि मधे मी. टेम्परेचरचा काटा एरवी निम्म्यावर झोपलेला असतो, तो उठून बसला. मी एसी बंद केला. काटा उभा राहिला. कुणीतरी सांगितलेलं आठवलं म्हणून काचा खाली करून हीटर फुल केला. आता इंजिनातली उष्णता माझ्या पायांतून बाहेर पडायला लागली आणि शेजारच्या बुलेटवाल्यानं आत वाकून विचारलं, "काका, थंडी वाजायली का?"

एमआयडीसीच्या फाटकापाशी पोहोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली होती. गाडी बाजूला घेतली. मराठवाड्यात एखादी गाडी वाफ सोडत उभी राहिली की माणसं जमिनीतून उगवतात. वॉचमन, ट्रेलरचा क्लीनर, उसाचा रसवाला आणि शेजारच्या मिलमधला एक मुकादम अशी समिती भरली.

"हीट मारली," वॉचमननं निदान केलं.

"बेल्ट गेला असंल."

"पंपच बसला. वॉटर बॉडी म्हणतात त्याला."

रसवाल्यानं मात्र मूळ प्रश्नाला हात घातला. "कितवं मॉडेल हाय?" मी साल सांगितलं. त्यानं काही न बोलता परत चरक सुरू केला.

एवढ्यात मुकादम पाण्याची बादली घेऊन आले. मी कसाबसा म्हणालो, "गरम इंजिनवर थंड पाणी?"

"मग काय थंड इंजिनवर मारता का, साहेब? आमच्याकडं लालबुंद सळईवर दिवसभर पाणीच मारतो. उलट पक्की होती."

यावर मला बोलता येईना, कारण ते खरंच आहे. टीएमटी म्हणतात ती सळई अशीच होते. रोलमधून तापलेली बाहेर पडते न पडते तोच तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. बाहेरची साल कडक होते, आतला गाभा गरम आणि मऊ राहतो, आणि मग आतलीच उष्णता बाहेर येऊन त्या सालीला मुरवते. ह्या एका युक्तीवर निम्मं जालना जेवतं. माझ्याच मिलच्या कॅलेंडरवर तिचं रंगीत चित्र आहे. फक्त त्या कॅलेंडरवर असं लिहिलेलं नाही की मोटारीचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, खालचा ब्लॉक बिडाचा असतो, ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, आणि अशा जोडप्यावर एकदम गार पाणी ओतणं म्हणजे चालत्या भांडणात सासूबाईंना बोलावणं.

बादली ओतली. आतून "टक्" असा आवाज आला.

"बघा," मुकादम म्हणाले, "बसलं."

गाडी टो करून गॅरेजला नेली. आमचे उस्ताद म्हणजे मोठा माणूस. ते गाडी तपासत नाहीत, आधी ऐकून घेतात. तुम्ही सगळी कर्मकथा सांगून संपवता, तोवर ते एका पोराला चहा आणायला पाठवतात आणि दुसऱ्याला पाना. मग ऑइलची पट्टी ओढून नाकाशी धरतात. पट्टीवर काळं ऑइल असायला हवं होतं, तिथं चहाच्याच रंगाचा फेस होता.

"पानी ऑइल में मिल गया, साब. हेड उठाना पडेगा."

"किती?"

"हेड गॅस्केट आणि मजुरी. साडेसात-आठमध्ये होऊन जाईल."

आठ हजार! एवढंच ना! मी भीतीनं पंचवीस धरून बसलो होतो. सतरा हजार वाचले ह्या आनंदात त्या रात्री घरी आइस्क्रीम नेलं.

दुसऱ्या दिवशी फोन. हेड वाकलं होतं. उस्तादांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. गुळगुळीत पोलादी पट्टी हेडवर आडवी ठेवली आणि तिच्याखालून पत्र्याची पातळ पाती सरकवली. पाती सळकन पलीकडे गेली. "जाना नहीं चाहिए," उस्ताद म्हणाले. मी माझं ठरलेलं "हं" म्हणालो. पाती केसाएवढी जाड. पण त्या केसाएवढ्या फटीतून माझा जून महिन्याचा पगार जाताना मला स्पष्ट दिसला. हेड फेसिंगला लेथवाल्याकडे पाठवायचं. तिथं त्याच्या तोंडावरून चांदीसारखी सालपटं निघतात, ते चकचकीत होऊन येतं आणि सोबत बिल येतं.

त्यानंतर उस्तादांनी ते वाक्य उच्चारलं.

"साब, इंजिन खाली आहे तोवर व्हॉल्व्ह सील बदलून घेऊ. नंतर परत खोला-खोली कशाला?"

ह्या वाक्याला उत्तर नाही. मी पुष्कळ शोधलं. व्हॉल्व्ह सील स्वस्त, ते बदलण्याची मजुरी महाग, आणि आता मजुरी तर होतेच आहे. मग सील फुकटच पडलं की! अशा हिशेबानं फुकट पडत पडत वॉटर बॉडी आली. टायमिंगचा संच आला. इंजिन ज्याच्यावर बसतं ते रबरी फाउंडेशन आलं. ते रबर म्हातारं झालं होतं. क्लच प्लेट आली, कारण "गिअरबॉक्स तर खाली आहेच". मग रिंगा पाहिल्या, रिंगांसाठी पिस्टन काढले, पिस्टन काढले म्हणून बेअरिंगं पाहिली, आणि बेअरिंगं बघून उस्तादांनी नुसतीच मान हलवली. डॉक्टर आणि मिस्त्री दोघांचीही मान हलण्याची फी वेगळी असते.

मी दिवसभर लोकांची व्हाउचरं तपासतो. साडेतीनशे रुपयांच्या चहापाण्याला पुरावा मागतो. मिलमधला मेंटेनन्सचा माणूस "मोटर खोललीच आहे तर" म्हणत आला की मी चष्म्यावरून त्याच्याकडे बघतो आणि तीन कोटेशनं मागतो. तोच मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून प्रत्येक भागाला "घाला, घाला, एवढं केलंच आहे तर" म्हणत होतो, पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानासारखा उदार होऊन.

रेडिएटरची कथा स्वतंत्र आहे. उस्तादांनी तो उलटा करून दोन थापा मारल्या, तर खाली पांढरा चुराच चुरा. "घ्या, घर पोतून घ्या," ते म्हणाले. तो आमच्या बोअरच्या पाण्याचा प्रसाद होता. जालन्याच्या बोअरचं पाणी जड; बादलीला, गिझरला, नळाच्या तोटीला पांढरी पुटं चढतात. रेडिएटरच्या नळ्यांनी काय पाप केलं होतं? तिथंही चढली. कूलंट नावाचा हिरवा-गुलाबी द्रव बाजारात मिळतो, त्यानं गंज धरत नाही, पाणी उशिरा उकळतं, हे मलाही ठाऊक होतं. पण आमच्या घराण्यात पाणी विकत घेऊन गाडीला पाजणं ही उधळपट्टी समजतात. माझे वडील तर लुनालाही चक्कीवरून घरापर्यंत पायडल मारत आणत.

गंमत म्हणजे मी ज्या मिलमध्ये बसतो तिथं पाण्याचा थाट बघण्यासारखा आहे. इंडक्शन भट्टीत सोळाशे डिग्रीला लोखंड खदखदत असतं, आणि त्यापासून वीतभर अंतरावर तांब्याची कॉइल असते. तांबं हजार-अकराशेच्या आतच वितळायचं. पण त्या कॉइलच्या पोटातून सारखं पाणी फिरतं म्हणून ती जागेवर राहते. ते पाणीही असं तसं नाही. क्षार काढलेलं, तपासलेलं. त्याला वेगळं रजिस्टर आणि वेगळा माणूस. वीज गेली तर उंचावर राखीव टाकी, शिवाय डिझेलचा पंप. तिथं कुणी म्हणत नाही, "असू द्या हो, बोअरचं ओता." भट्टीवाले एकदा मला म्हणाले होते, "साहेब, लोखंडाचं टेन्शन नसतं. पाण्याचं असतं." आणि हेच भट्टीवाले ड्युटी संपवून आपल्या गाडीपाशी येतात, बॉनेट उघडतात आणि वॉचमनच्या माठातला जग आत उपडा करतात. मालकांची मोठी गाडीसुद्धा मी त्याच माठावर पाहिली आहे.

घरी पाण्याच्या विषयावर मी तोंड उघडू शकत नव्हतो. आमच्याकडे नळाला पाणी आलं की सण असतो. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरमागं धावलेलं हे शहर आहे. आता पैठणहून जायकवाडीचं पाणी येतं, पण ते आपल्या सवडीनं. "गाडीला रोज दोन बाटल्या लागतात," असं मी म्हणालो तेव्हा सौ. म्हणाली, "तिला एक ड्रम भरून ठेवा. आपण काय, पुढच्या आठवड्यात आंघोळ करू."

रेडिएटर गळतो हे कळल्यावर मामेसासऱ्यांचा अंबडहून फोन आला. "जावईबापू, मूठभर हळद टाका आत. छिद्रं बुजतात." मी हसलो तर त्यांना राग आला. त्यांच्या जीपला त्यांनी घातली होती, ती शेगावला जाऊन आली म्हणे. हा उपाय खरोखर ट्रकवाले करतात; हळदीची पूड फुगून बारीक चीर काही काळ बुजते. चीर बुजते, तशा नळ्याही बुजतात, एवढाच त्यात दोष. उस्तादांच्या पोरानं माझ्या नकळत मामांचा मान राखला. दुसऱ्या दिवशी रेडिएटरच्या प्रत्येक फटीतून पिवळे ओघळ. गाडीला हळद लागली होती. वरात टो करून निघायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात उस्तादांना आणखी एक शोध लागला. "थर्मोस्टॅट किसने निकाला?"

हा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्यात मेणाची गोळी असते. पाणी साधारण ऐंशी-पंच्याऐंशी डिग्रीला आलं की ती पसरते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जायला लागतं. आधीच्या एका मिस्त्रींनी "हा थंड मुलखातला पार्ट हाय, आपल्याकडं काय काम?" म्हणून तो काढून माझ्या हातात दिला होता. मला ते स्वदेशीचं बोलणं इतकं पटलं की मी तो घरी शोकेसमध्ये ठेवला. त्यापायी इंजिन थंडीत वेळेवर गरम होत नव्हतं आणि डिझेल जास्त पीत होतं. उस्तादांनी आधीच्या मिस्त्रींना शिव्या घातल्या. आधीच्या मिस्त्रींनी त्यांच्या आधीच्यांना घातल्या होत्या. ह्या धंद्यातली परंपरा अशी की तुमच्या गाडीला हात लावलेला शेवटचा शहाणा माणूस म्हणजे कारखान्यातला कामगार.

विम्याचंही विचारून पाहिलं. पलीकडची मुलगी फार गोड होती.

"सर, अपघात झालाय का?"

"नाही. गरम होऊन बंद पडली."

"कुठं धडकली वगैरे?"

"नाही हो."

"अरेरे!" ती मनापासून हळहळली. आपोआप बिघडलेलं इंजिन विम्यात बसत नाही. पुढच्या वेळी काळजी घ्या, असं ती म्हणाली. कशाची, ते मी विचारलं नाही.

सगळं इंजिन मोकळं होऊन फरशीवर मांडलेलं असताना मूळ कारण सापडलं. रेडिएटरचा पंखाच फिरत नव्हता. पंखा चांगला होता. त्याची वायर उंदरानं कुरतडली होती.

आता ह्यात जालन्याचा दुसरा धंदा येतो. हे शहर जितकं लोखंडाचं तितकंच बियाण्याचं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं बियाण्याची कंपनी काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या मागोमाग गावात बियाण्याच्या एवढ्या कंपन्या आणि गोदामं झाली की आमच्या गल्लीतही एक आहे. मी त्याच्या भिंतीच्या सावलीला गाडी लावतो. गोदाम आहे म्हणजे उंदीर आलेच. पण पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, गुलाबी रंगाचं; ते खाल्लं तर काय होईल हे उंदराला कळतं. तो सुशिक्षित आहे. म्हणून तो गोदामात राहतो आणि जेवायला माझ्या गाडीत येतो. एका व्यवसायानं वायर खाल्ली, दुसऱ्यानं बादली ओतली. बाकी राहिला जालन्याचा तिसरा धंदा, मोसंब्यांचा. त्या मी स्वतःच पेशंटसारख्या सोलून खात बसलो होतो.

"म्हणजे वायर जोडली असती तर...?" मी विचारलं.

उस्तादांनी दोन बोटांत वायरची टोकं धरली, पिळली, टेप गुंडाळली. पंखा भर्रकन फिरला. "वायर का कुछ नहीं लगता, साब," ते मोठ्या मनानं म्हणाले.

बाकीचं जे लागलं त्याचं बिल बहात्तर हजार तीनशे पन्नास झालं. वरचे तीनशे पन्नास उस्तादांनी सोडले. शेजारच्या भंगारवाल्यानं, न विचारता, तोंडी गणित करून दिलं: सगळी गाडी काट्यावर घातली असती तर तीस-बत्तीसच्या भावानं पस्तीस हजारांच्या आत आली असती. म्हणजे दोन गाड्या भंगारात घालून मी एक गाडी दुरुस्त केली होती. "इंजिन नवं झालं म्हणा," तो सांत्वनाच्या सुरात म्हणाला, "पण वजन तेवढंच." ‘जालना, सोने का पालना’ म्हणतात. उस्तादांच्या घरी तो महिनाभर हलला असावा, कारण नंतर त्यांच्या दारात नवी मोटारसायकल दिसली.

मला मात्र आता गाडीचा अभिमान वाटायला लागला. एवढा खर्च केलेली वस्तू वाईट कशी असेल? गाडीला लवकरच पंधरा वर्षं होणार, मग पुन्हा नोंदणीचे पाच हजार, पुढं पाच वर्षं बघायला नको, असं मी भेटेल त्याला ऐकवू लागलो. मिलमधल्या सहकाऱ्यांना बोलावून बॉनेट उघडून दाखवायचो. तेही कमरेवर हात ठेवून वाकायचे आणि "हं" म्हणायचे. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटायची.

"हायवेला एकदा पळवून आणा," उस्ताद म्हणाले होते. तेव्हा रविवारी सौ.ला घेऊन समृद्धीवर चढलो. तिथं मोटारीला ताशी १२०ची परवानगी आहे. मी नवीन रिंगांचा मान राखून ऐंशीवर होतो. ट्रक ओव्हरटेक करून जात होते. काटा मात्र निम्म्यावर, हललाही नाही. मी तिला काट्याकडे बघायला सांगत होतो.

"बघितला," ती म्हणाली. "एसी लावा ना."

मी ऐटीत बटण दाबलं. गरम वारा आला. पंखा वाढवला. जास्त गरम वारा आला. तिनं पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली आणि मी पुढच्या इंटरचेंजला उतरून गाडी सरळ गॅरेजला लावली.

उस्तादांनी पुढून वाकून जाळीत बघितलं, बोटानं काहीतरी खरवडलं. कंडेन्सर गळत होता. कॉम्प्रेसरचीही खात्री देता येत नव्हती. हे बदलायचं तर पुढचा बंपर, रेडिएटर, पंखा, सगळं पुन्हा उतरवावं लागणार.

"पण मागच्या वेळी तर सगळं खोललं होतं!"

"तभी तो मैं बोला था, साब, एसी का भी देख लेते हैं." त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं. "तुम्हीच म्हणाला, नको, उगाच खर्च वाढतो."

तेवढ्या एकाच कामाला मी नाही म्हटलं होतं.